जुन्या बाजारातला रविवार, १९७८

मे महिना, १९७८. सकाळचे नऊ वाजलेत आणि पुण्याचं ऊन आत्ताच चटके द्यायला लागलंय. तुम्ही दहा वर्षांचे आहात, शाळेला सुट्टी आहे. कसब्यातल्या वाड्यातून निघालेलं तुमचं सगळं घर कुंभारवेशीच्या बाजूनं जुन्या बाजाराकडे चाललंय. पुढे काखेत पिशवी मारलेले बाबा, मागे आई आणि आजोबा. ताईनं तुमचं मनगट घट्ट धरून ठेवलंय.

बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. दुकान म्हणजे रस्त्यावर अंथरलेलं पोतं, नाहीतर ताडपत्री. त्यावर किल्ल्यांचे जुडगे, सायकलची पेडलं, पाने, कान तुटलेल्या कपबश्या. बाबांना स्टोव्हचा बर्नर हवाय. आई पितळी पातेलं उजेडाकडे धरून बुडाला भोक आहे का बघते आणि भाव करायला बसते. आता तासभर तरी ती तिथून हलायची नाही.

दोन पोती पलीकडे पुस्तकांचा ढीग आहे. तिथे उकिडवे बसा आणि हात घाला. वरच बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, त्यांच्याखाली कुणाची तरी गाईडं आणि अगदी तळाशी 'चांदोबा'. चित्रकार शंकर यांचा विक्रम राजा खांद्यावर प्रेत घेऊन, हातात तलवार धरून चाललाय. चार आण्याला एक अंक. ताईला तेवढ्यात 'किशोर' सापडतं, आईसाठी 'स्त्री'चा जुना अंकही निघतो.

आजोबांच्या हातात मात्र एक जाडजूड बांधीव खंड आहे: 'किर्लोस्कर' मासिकाचे जुने अंक. १९२० मध्ये कारखान्याच्या बातम्या देण्यासाठी 'किर्लोस्कर खबर' निघालं आणि पुढे घराघरांत वाचलं जाणारं हे मासिक झालं. जवळ जा, पानं बघा. खालच्या कडेनं मातकट रेघ गेलीय. त्या रेघेखाली कागद लाटालाटांनी आकसलाय आणि शिवणीत बोट घातलं तर बारीक रेती लागते.

"भिजलंय हो हे, आजोबा."

"पानशेतचं पाणी," आजोबा रेघेवर बोट ठेवून म्हणतात.

१२ जुलै १९६१ रोजी धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. घर चिखलात गेलेलं असताना कुणीतरी हा खंड उचलला, पानन् पान सोडवलं, वाळवलं. सतरा वर्षांनी तो दोन रुपयांना पोत्यावर आलाय.

"घेऊन टाका, आजोबा," विक्रेता म्हणतो. "रद्दीत गेला असता तर वाण्यानं पुड्या बांधल्या असत्या."

आजोबा भाव करत नाहीत. दोन रुपये देतात आणि खंड तुमच्या हातात ठेवतात. तो जड आहे. घरापर्यंत तुम्हीच न्यायचाय.

आता आजच्या दिवसात परत या आणि त्या विक्रेत्याचं बोलणं मनावर घ्या. मराठी पुस्तकाची आवृत्ती अनेकदा हजार-अकराशे प्रतींचीच असते. मासिकांचं तर पुनर्मुद्रण जवळजवळ होतच नाही. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडलं. त्यातली जी कथा पुढे कुठल्या संग्रहात आली नाही, ती आज वाचायची तर जुना अंकच शोधावा लागतो. असे अंक मोठ्या ग्रंथालयांनी सांभाळले, तसेच पोत्यावर बसून पुस्तकं विकणाऱ्यांनी आणि ती पिशवीत घालून घरी नेणाऱ्या साध्या कुटुंबांनीही सांभाळले. मराठी वाङ्मयावर या लोकांचे मोठे उपकार आहेत.

म्हणून घर आवरताना आजी-आजोबांचं कपाट डोळे झाकून रद्दीवाल्याकडे देऊ नका. आधी प्रत्येक पुस्तक उघडून बघा. आणि जुन्या पुस्तकांच्या बाजाराला जाल तेव्हा मुलांना बरोबर न्या, त्यांच्या हातात थोडे पैसे द्या आणि काय घ्यायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.