थंड पाण्यांतील बुडीचा हिशेब

थंड समुद्राच्या तळाशीं जाऊं इच्छिणारा मनुष्य पोषाख, हातमोजे, हवेच्या टाक्या यांची जमवाजमव मोठ्या हौसेनें करतो. परंतु त्याच्या बेताचें मर्म खालीं जाण्यांत नसून वर येण्याच्या वेळापत्रकांत आहे, असें आम्हांस वाटतें. हें वेळापत्रक प्रथम कसोटीस लागलें तें १९०६ सालच्या ऑगस्टांत, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील खाड्यांत.

त्यापूर्वीं खोल पाण्यांतून वर आलेले पाणबुडे सांधेदुखीनें विव्हळत. कित्येकांस पक्षाघात होई, कित्येक मरत. दाबाखालीं शरीरांत मुरलेला नत्रवायु दाब उतरतांच बुडबुड्यांच्या रूपानें सुटतो, हें कारण फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनीं १८७८ सालीं दाखविलें होतें. उपाय एकच ठाऊक होता: एकाच गतीनें सावकाश वर येणें. ब्रिटिश आरमारानें हा प्रश्न जॉन स्कॉट हॉल्डेन यांजकडे सोंपविला. त्यांनीं पोलादी कोठडींत शेळ्या कोंडून त्यांजवर दाब चढविला व उतरविला. शेळीनें पाय उचलून धरला कीं हिशेब चुकल्याचें कळे. (विज्ञानाच्या इतिहासांत या मुक्या प्राण्यांचें नांव कोण घेतो!) एकूण दाब एकदम निम्म्यावर आणला तरी अपाय होत नाहीं, खरा धोका त्यापुढें, असें दिसून आलें. म्हणून आधीं झपाट्यानें वर यावें आणि मग ठराविक खोलीवर थांबत थांबत.

शेळ्यांनंतर माणसांची पाळी आली. स्पँकर नांवाच्या नौकेवरून डॅमंट व कॅटो हे आरमारी पाणबुडे २१० फूट खोल जाऊन सुखरूप परतले. हॉल्डेन यांनीं आपल्या तेरा वर्षांच्या मुलासही तेथें पाण्यांत उतरविलें. पोषाख मोठ्या माणसाच्या मापाचा. मनगटापाशीं तो सैल पडून आंत पाणी शिरलें, व मुलगा काकडत वर आला. बापाचें हें धाडस आम्हांस पसंत नाहीं. हाच मुलगा म्हणजे पुढें भारताचे नागरिक होऊन १९६४ सालीं भुवनेश्वर येथें देह ठेवणारे जे. बी. एस. हॉल्डेन.

त्या मुलास झोंबलेला गारठा नुसता दुःखदायक नव्हे. तो वेळापत्रकच बिघडवितो. थंडीनें हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तेथील नत्रवायु लवकर बाहेर पडत नाहीं. तळाशीं काम करतांना अंगांत ऊब व थांब्यावर निश्चळ असतां हुडहुडी, हा योग सर्वांत वाईट. आज मनगटावरील यंत्र मिनिटें मोजून देतें. तरी जाणता मनुष्य थंड पाण्यांत तळावरचा वेळ कमीच धरतो.

हॉल्डेन यांचीं कोष्टकें १९०८ सालीं प्रसिद्ध झालीं. त्यांची मोठी परीक्षा डॅमंट यांच्याच हातून झाली. १९१७ च्या जानेवारींत आयर्लंडच्या उत्तरेस लॉरेंटिक जहाज सुरुंगांनीं बुडालें. त्यावर सोन्याच्या ३२११ विटा होत्या. सुमारें १३० फूट खोल, गार व खवळलेल्या त्या पाण्यांतून डॅमंट यांच्या पाणबुड्यांनीं १९२४ पर्यंत ३१८६ विटा काढल्या, आणि त्या कामांत एकही पाणबुड्या दगावला नाहीं.