रॉकेल, फडके आणि उघडे बॉनेट

खंडेनवमीला शस्त्रे पुजायची, ही रीत जुनी. सुताराने करवत-रंधा मांडावा, शेतकऱ्याने कोयता-विळा, गिरणीतल्या माणसाने साचा. मोटार दारात आली तेव्हा तीही या पूजेत सामील झाली. पूजेआधी गाडी धुवायची हे ओघाने आलेच. पण मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये ज्यांनी फियाटचे दिवस पाहिले आहेत, त्यांना आठवेल की नुसती बाहेरून धुतलेली गाडी कोणी धुतलेली मानत नसे. बॉनेट उघडले जाई, जुन्या डब्यात रॉकेल ओतले जाई, आणि झेंडूच्या हाराआधी आवारात रॉकेलचाच वास पसरे.

‘रॉकेल’ हा शब्द ‘रॉक ऑइल’वरून मराठीत आला. आधी कंदिलात, मग स्टोव्हमध्ये आणि तिथून तो गॅरेजात शिरला. इंजिनावरचे काळे, चिकट थर सोडवायला त्याच्याइतके हाताशी असलेले दुसरे काही नव्हते. पेट्रोलनेही ग्रीस निघते, पण त्याची वाफ थंडीतसुद्धा पेट घेते. रॉकेल सावकाश उडते, ग्रीस मऊ करते आणि पुसायला वेळ देते. रबराला मात्र ते मानवत नाही. पट्टे आणि होज फुगतात, म्हणून जाणता माणूस तेवढा भाग वगळून ब्रश फिरवी.

मुळात इंजिन एवढे माखायचे का? जळालेल्या वायूंचा थोडा भाग पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतो. तो कोंडून राहिला तर दाब वाढून सील फुटतील, म्हणून त्याला बाहेर वाट द्यावी लागते. जुन्या इंजिनांमध्ये ही वाट म्हणजे एक उघडी नळी असे. तिच्यातून तेलाची वाफ बाहेर पडे, इंजिनाच्या अंगावर बसे, तिच्यावर रस्त्याची धूळ चिकटे आणि इंजिनाच्या उष्णतेने सगळे भाजून निघे. ही वाफ पुन्हा इंजिनातच ओढून घेऊन जाळायची युक्ती दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांसाठी वापरली गेली होती, कारण नदीनाले ओलांडताना उघड्या नळीतून पाणी आत शिरे. मोटारींमध्ये ती सक्तीने आली १९६१ च्या सुमारास, कॅलिफोर्नियात, हवेतल्या धुरक्याला आळा घालण्यासाठी. बॉनेटखालचा मळ कमी झाला तो या कायद्याचा आडफायदा. जुन्या घडणीची इंजिने आपल्याकडे त्यानंतरही वर्षानुवर्षे धावत राहिली.

इंजिनाची घरगुती सफाई मोटारीइतकीच जुनी आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या तीनचाकीतून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे जास्त. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन संपले तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन विकत घेतले. हे लिग्रोइन लोक कपड्यांवरचे डाग काढायला नेत. मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासातले इंधनच मुळात सफाईचे द्रव्य होते, ही गोष्ट मोठी गोड आहे.

आपल्या घरांमध्ये या कामाचा खरा बहर आला तो कुर्ल्याच्या गाडीमुळे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० बाहेर पडू लागली. १९६४ मध्ये तिचे ‘डिलाइट’ हे रूप आले आणि सत्तरच्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर, लांबीच्या दिशेने बसवलेले. बाजूंना एवढी जागा की वाकून पाहिले तर खालची जमीन दिसे. नोंदणी केल्यावर गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्यामुळे हाती आलेली गाडी वीस-पंचवीस वर्षे टिकवायची असते, हे घरात सगळ्यांना ठाऊक असे.

टिकवायची म्हणजे आतून ओळखायची. रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, आधी एअर क्लीनरचा डबा उतरवायचा आणि कार्बोरेटरच्या तोंडात स्वच्छ फडक्याचा बोळा बसवायचा. डिस्ट्रिब्यूटरवर दुधाची पिशवी उलटी घालून दोरी बांधायची, कारण तिथे थेंबभर पाणी गेले तरी करंट तुटतो आणि गाडी रुसते. मग रंगाचा जुना ब्रश रॉकेलमध्ये बुडवून टॅपेट कव्हरपासून खाली यायचे, अडचणीच्या जागी टूथब्रश. सुटलेला चिखल पुसायला कॉटन वेस्ट, म्हणजे सूतगिरणीत उरलेल्या धाग्यांचा गुंता. ज्या शहरात गिरण्या, त्याच शहरात मोटारी. एकीचा टाकाऊ माल दुसरीचे फडके झाला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. आज गॅरेजात बनियनच्या कापडाचे तुकडे दिसतात, आणि त्यांनाही कारागीर ‘वेस्ट’च म्हणतात.

पुसता पुसता तपासणी होई, आणि या कामाचे मोल त्यातच होते. टॅपेट कव्हरच्या कडेला ओल दिसली तर पॅकिंग गेले. खाली पुढच्या बाजूला तेल उडालेले असेल तर ऑइल सील. प्लग काढले की त्यांच्या टोकांचा रंग इंजिनाची तब्येत सांगे. कॉफीसारखा तपकिरी असेल तर उत्तम, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, तेलकट काळा असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या बाजूने तेल शिरते आहे. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवट फुलोरा असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवायचा, कोरडे करायचे आणि वर व्हॅसलीन चोळायचे. रेडिएटरच्या जाळीतले किडे आणि चिखल काढायला पाणी मागून पुढे मारायचे, पुढून मारले तर कचरा आणखी आत रुतून बसतो. हे सगळे कुठल्या वर्गात शिकवत नसत. बापाच्या शेजारी पाना धरून उभे राहिलेले पोर ते आपोआप शिके.

हे ज्ञान घाटात कामी येई. खंडाळ्याच्या चढावर उन्हाळ्यात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाटी हे नेहमीचे दृश्य होते. इंजिनाला चिकटून बसलेला पेट्रोल पंप तापे, आतल्या पेट्रोलची वाफ होई आणि कार्बोरेटर उपाशी राही. उपाय एकच, पंपावर ओले फडके ठेवायचे आणि दम धरायचा.

गॅरेजातली सफाई वेगळ्या वाटेने गेली. जर्मनीत आल्फ्रेड केर्खर यांच्या कंपनीने १९५० मध्ये उच्च दाबाने गरम पाणी मारणारे यंत्र काढले; १९८४ मध्ये तिचे घरी वापरायचे हलके यंत्र बाजारात आले. आपल्याकडे वॉशिंगच्या रॅम्पवर हवेच्या जोराने डिझेलचा फवारा मारण्याची पद्धत बरीच वर्षे चालली. गाडी चकाके, पण काळे पाणी सरळ गटारात जाई. घरच्या रॉकेलचेही तेच होई, फक्त डब्याच्या मापाने. त्या काळाच्या प्रेमापोटी ही हानी विसरता येणार नाही.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली आणि बॉनेटखालची जागा आक्रसली. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन आडवे बसले. पुढे २००० च्या आसपास प्रदूषणाचे नवे निकष आले, कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आले. त्यामागोमाग सेन्सर, संगणकाची पेटी, वायरींचे जुडगे, आणि या सगळ्यावर प्लास्टिकचे झाकण. दाबाचे पाणी आता शत्रू झाले. कनेक्टरमध्ये ओल शिरली तर गाडी कुठे अडेल याचा नेम नाही, आणि दुधाच्या पिशवीने झाकता येईल एवढी ती एकच जागा उरलेली नाही. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी नियमानुसार रस्त्यावरून उतरली.

आज घरी इंजिन साफ करणाऱ्यांकडे फोम आहे, ग्रीस विरघळवणारे फवारे आहेत, प्लास्टिकला चमक आणणारे ड्रेसिंग आहे. साधने रॉकेलपेक्षा कितीतरी चांगली आहेत. हेतू मात्र बदलला आहे, आणि हा बदल चांगला नाही. चमकेसाठी केलेली सफाई गळतीचा माग पुसून टाकते. जुनी गाडी घेणारा अनुभवी माणूस म्हणूनच नुकतेच धुतलेले, लखलखीत इंजिन पाहून सावध होतो. त्याला थोडी धूळ बसलेले कोरडे इंजिन जास्त भरवशाचे वाटते.

दसरा पावसाळा सरल्यावर येतो. काचेखालच्या खाचेत कुजलेली पाने अडकलेली असतात, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात, टर्मिनलवर फुलोरा आलेला असतो. या खंडेनवमीला इंजिन थंड असताना बॉनेट उघडा. पाण्याचा पाइप बाजूला ठेवा, कोरडा ब्रश आणि किंचित ओले फडके पुरे होते. आणि तेलाची ओल दिसली तर ती कुठून येते ते आधी नीट पाहा, मोबाइलवर तिचा फोटो घ्या, मगच पुसा.