सवाईची पहाट

पुण्यात डिसेंबरची थंडी पडली की आमच्या घरी ट्रंकेतल्या शाली बाहेर निघत. त्या लग्नकार्यासाठी नव्हेत, ‘सवाई’साठी!

किराणा घराण्याचे रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, १९५२ साली निवर्तले. रंगभूमीवर त्यांच्या स्त्रीभूमिका गाजल्या होत्या, आणि गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, भीमसेन जोशी हे त्यांचेच शिष्य. गुरूचे स्मरण गाण्यानेच करावे, म्हणून भीमसेनांनी १९५३ मध्ये हा उत्सव मांडला.

१९९० च्या सुमारास मी रमणबागेच्या मैदानावर वडिलांबरोबर पहिली रात्र जागवली. जागवली कसली! दोनच्या सुमारास सतरंजीवर डोळा लागला. शेजारच्या अनोळखी आजींनी आपली घोंगडी अंगावर घातली. पहाटे वडिलांनी हलवले. “ऊठ. तोडी रेडिओवरही मिळेल; ही वेळ मिळायची नाही.” डोळे चोळत मी ऐकले, आणि आकाश उजळत गेले.

२००० सालच्या ध्वनिनियमांनी उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद केले, आणि रात्रभरच्या मैफली संपल्या. नियमाला दोष कसा द्यावा? आजारी माणसाच्या उशाशी बसून कर्ण्याचा त्रास मीही सोसला आहे.

२०१८ पासून उत्सव मुकुंदनगरला भरू लागला. तिथेही गर्दी लोटते. पण वडील गेल्यावर त्यांचे बोलणे उमगले : राग उरतात, वेळ उरत नाही.