कोल्हापुरी साज : बाईच्या हक्काची शिल्लक

कोल्हापुरी साज हा सौभाग्याचा दागिना, आणि घरातल्या बाईची अडीनडीची शिल्लकही. अंबाबाईच्या देवळाजवळच्या गुजरीत तो पिढ्यान्‌पिढ्या घडत आला आहे. परंपरेने त्यात २१ पाने: दहा अवतारांची, आठ अष्टमंगलांची, माणिक आणि पाचूचे एकेक, आणि शेवटचे डोरले. मधे जवमणी ओवतात. पाने पातळ पत्र्याची, आत लाख भरलेली. त्यामुळे साज गळाभर दिसतो, पण सोने बेताचे लागते. मोडीला काढला की लाख वजा होते, घडणावळ बुडते. वर्षानुवर्षे गळ्यात मिरवलेल्या दागिन्याची तराजूत भरणारी किंमत ऐकताना बाईचा जीव हळहळतो तो इथेच.

म्हणूनच मोडण्याआधी गहाण टाकण्याचा विचार होई. सुगी हाती आली की सोडवून आणू, ही आशा त्यात असे; मोडलेला साज मात्र कायमचा गेला. बी-बियाणे, आजारपण, मुलाचे शिक्षण यांसाठी गहाण चाले. मुलीच्या लग्नाला मात्र आई आपला साज आटवून लेकीसाठी नवा घडवी. तो मोडण्याचा निर्णय हिशेबाचा असला, तरी त्यात माहेरची आठवण मोडली जाई, आणि घरच्या पुरुषांनी परस्पर ठरवले तर ते दुःख अधिकच खोल जाई.

बाईच्या या मालकीला शास्त्राचा आधार जुना आहे. विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरे’ने स्त्रीधनाची व्याप्ती पुष्कळ वाढवली. व्यवहारात मात्र वैधव्य आले की हक्क डळमळे. मंगळसूत्र उतरे आणि उरलेले दागिने कोणाच्या पेटीत जायचे, हे सासर ठरवी. दुःखात बुडालेली बाई तेव्हा हिशेब मागायच्या स्थितीत नसे. ब्रिटिश मुलखातील १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली, पण तिने तसे केल्यास पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला; संस्थानातील बायकांसाठी ते फार मोठे पाऊल होते. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला मिळकतीत हयातीपुरता वाटा मिळाला, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पूर्ण मालकी.

दरम्यान, जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले. १४ कॅरेटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि देशभरातील सोनारांच्या पोटावर पाय आला. अशा वेळी आईचा जुना, चोख सोन्याचा साज मोडायला काढणे जिवावरच येणार. ही अट पुढे शिथिल झाली. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला.

स्त्रीधन ही पत्नीचीच मालमत्ता आहे, सासरच्यांकडे ते केवळ विश्वासाने ठेवलेले असते आणि मागूनही परत न दिल्यास तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिला. आता तारण बँकेत आणि पतसंस्थेत ठेवले जाते, पावतीवर बाईचे नावही लागते. साज मोडायचा की गहाण टाकायचा, हे तिला विचारून ठरते का, हे मात्र अजून घराघरावर अवलंबून आहे.