खणात ठेवलेले सूर

मी भाषेचा शिक्षक आहे, संगीताचा जाणकार नाही. तरीही दिमित्री शोस्ताकोविच या रशियन संगीतकाराची कहाणी मला आपल्या कामाची वाटते.

दुसऱ्या महायुद्धात शोस्ताकोविच सोविएत जनतेचे लाडके होते. जर्मन फौजांच्या वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये ९ ऑगस्ट १९४२ रोजी उपासमारीने खंगलेल्या वादकांनी त्यांची सातवी सिंफनी वाजवली. युद्ध जिंकल्यावर आता विजयाचा भव्य सोहळा सुरांत मांडला जाईल, अशी अपेक्षा होती. त्यांनी १९४५ मध्ये दिली ती जेमतेम २५ मिनिटांची, खेळकर नववी सिंफनी. सत्ताधाऱ्यांना ती रुचली नाही.

१० फेब्रुवारी १९४८ रोजी पक्षाने ठराव काढला. शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह, खाचातुरियन अशा मोठ्या संगीतकारांवर ‘फॉर्मॅलिझम’चा, म्हणजे लोकांना न कळणाऱ्या रचना केल्याचा ठपका ठेवला. शोस्ताकोविच यांची मॉस्को आणि लेनिनग्राड येथील प्राध्यापकी गेली, अनेक रचनांवर बंदी आली. त्यांनी जाहीरपणे चूक कबूल केली. पुढे ‘साँग ऑफ द फॉरेस्ट्स’सारखी स्टालिनच्या वृक्षलागवड योजनेची स्तुती करणारी रचना केली, सिनेमांना संगीत दिले. घर तर चालवायचे होते.

पण त्याच १९४८ मध्ये त्यांनी पहिला व्हायोलिन कॉन्चेर्टो पूर्ण केला आणि ज्यू लोकगीतांवर अकरा गाण्यांची माला बांधली. त्या वेळी देशात ज्यूंविरुद्ध वातावरण तापत होते. जानेवारीत ज्यू नट सोलोमन मिखोएल्स यांची सरकारी यंत्रणेने हत्या करून तिला अपघाताचे रूप दिले होते. शोस्ताकोविच स्वतः ज्यू नव्हते. या दोन्ही रचना त्यांनी टेबलाच्या खणात ठेवल्या. लोकांनी त्या ऐकल्या १९५५ मध्ये, स्टालिनच्या मृत्यूनंतर.

फेब्रुवारी १९५३ मध्ये मिखोएल्स यांचे जावई, संगीतकार वाइनबर्ग यांना अटक झाली. अशा माणसाशी ओळख दाखवणेही धोक्याचे होते. तरी शोस्ताकोविच यांनी त्यांच्यासाठी थेट बेरियाला पत्र लिहिले. मार्चमध्ये स्टालिन गेला आणि वाइनबर्ग सुटले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दहावी सिंफनी आली. जर्मन पद्धतीत स्वरांना अक्षरांची नावे असतात. डी, एस, सी, एच हे चार स्वर ओळीने वाजवले की शोस्ताकोविच यांच्या नावाची जर्मन आद्याक्षरे होतात. शायर मक्त्यात आपले तखल्लुस गुंफतो, तसे त्यांनी या सिंफनीत आपले नाव गुंफले. शब्दांवर पहारा होता, स्वरांची झडती घेणे कठीण होते.

त्यांना निव्वळ नायक ठरवणे मात्र खोटे ठरेल. १९६० मध्ये त्यांनी पक्षाचे सदस्यत्व पत्करले. १९७३ मध्ये साखारोव यांच्या निषेधाच्या पत्रावर त्यांचेही नाव छापून आले. पण १९६२ मध्ये त्याच माणसाने येव्तुशेंको यांची ‘बाबी यार’ ही कविता तेराव्या सिंफनीत घेतली. कीव्हजवळच्या त्या घळीत १९४१ साली नाझींनी दोन दिवसांत ३३ हजारांहून अधिक ज्यू मारले होते आणि सोविएत सरकारला मृतांचे ज्यू असणे उच्चारायचे नव्हते. सिंफनी झाल्यावर कवितेच्या ओळी बदलण्यासाठी दबाव आला. काही बदलल्या गेल्या, संगीत तेच राहिले.

वर्गात मुले विचारतात, “सर, भित्रा माणूस चांगला असू शकतो का?” तेव्हा मला शोस्ताकोविच आठवतात. आपल्यावर अन्याय झाला की आपण बोलतो, बोललेच पाहिजे. पण दुसऱ्या समाजाचे दुःख त्याच्या भाषेत, त्याच्या चालीत आपण शेवटचे कधी ऐकले? शोस्ताकोविच घाबरत होते, कागदांवर सह्या करत होते, आणि तरीही ते दुःख ऐकून लिहून ठेवत होते. त्यांना माफ करायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी मात्र मुलांना आधी ती अकरा गाणी ऐकायला सांगतो.