क्लच आणि तेल : एका सोयरिकीचा इतिहास

खंबाटकीच्या घाटात एका मोटारसायकलवर दोघे बसलेले असतात. चढ तीव्र होतो, चालविणारा मूठ पिळतो. एंजिनाचा आवाज चढत जातो, पण वेग काही चढत नाही. थोड्याच वेळात करपल्याचा वास येऊ लागतो. चौकशी करता पुष्कळदा असे आढळते की, नुकतेच गाडीचे तेल बदललेले असते, आणि ते घरच्या मोटारीसाठी आणलेल्या उंची डब्यातले असते. उत्तम तेलाने गाडी बिघडावी हे नवल खरेच. परंतु या नवलाच्या मागे शतकाहून मोठा इतिहास आहे.

क्लच म्हणजे एंजिनाची शक्ती चाकाकडे जाऊ देणारी किंवा अडविणारी योजना होय. मोटारसायकलीत जागा थोडी. म्हणून एका मोठ्या तबकडीऐवजी लहान लहान चकत्यांची चळत वापरतात. एक चकती पोलादाची, दुसरी घर्षणशील द्रव्याने मढविलेली, अशी ही एकाआड एक रचना असून स्प्रिंगांचा दाब त्यांस एकत्र आवळून धरतो. विसाव्या शतकाच्या आरंभी हेली-शॉ या इंग्रज प्राध्यापकाने तेलात फिरणारा असा बहुचकत्यांचा क्लच प्रचारात आणला. तेलामुळे चकत्या थंड राहतात व पकड हिसका न देता बसते. वास्तविक तेलाचा धर्म घसरविण्याचा आणि क्लचचा धर्म धरून ठेवण्याचा. तेव्हा या दोघांची सोयरीक मुळापासूनच थोडी विजोड म्हणावयास हरकत नाही.

जुन्या इंग्लिश गाड्यांत तिचा जाच फारसा होत नसे, कारण तेथे बिऱ्हाडे वेगवेगळी होती. एंजिनाचे तेल निराळे, साखळी व क्लच यांच्या पेटीतले निराळे, गिअरपेटीतले त्याहून निराळे. मद्रासेत १९५५ पासून घडू लागलेल्या रॉयल एन्फील्ड बुलेटमध्येही ही व्यवस्था कित्येक वर्षे टिकली. ज्याचे तेल त्याला, असा सरळ व्यवहार.

जपानी कारागिरांनी ही बिऱ्हाडे मोडून एकत्र कुटुंब केले. होंडा कंपनीच्या १९५८ च्या सुपर कब या चिमुकल्या गाडीत एंजिन, क्लच व गिअर यांस एकच तेल पुरे. १९६९ च्या सी.बी. ७५० या चार सिलिंडरांच्या दांडग्या गाडीतही तेच. त्यामुळे गाडी आटोपशीर झाली, गळती कमी झाली, मालकाची यातायात वाचली. मात्र एकाच तेलाच्या अंगावर आता तीन कामे पडली : एंजिनाचे घर्षण घटविणे, क्लचचे घर्षण राखणे आणि गिअरच्या दातांखाली चिरडले जाऊनही आपला दाटपणा न सोडणे. त्या काळी मोटारीचे तेलही साधेच असल्याने हा संसार सुरळीत चालला.

त्यात खो घातला तो मोटारीच्या काटकसरीने. १९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले आणि १९७५ साली अमेरिकेने मोटारींच्या इंधनवापरावर बंधन घालणारा कायदा केला. एंजिनातील घर्षणात जाणारी शक्ती थोडी जरी वाचली तरी कारखानदारांस ती हवी होती. म्हणून तेलात मॉलिब्डेनमची संयुगे व तत्सम घर्षणशामक द्रव्ये पडू लागली. धातूच्या पृष्ठभागास ती चिकटतात आणि त्यास निसरडे करतात. मोटारीचा क्लच बहुधा कोरडा व एंजिनाबाहेर, त्यास या तेलाचा थेंबही लागत नाही. तेव्हा तेथे सारा लाभच. मोटारसायकलीत मात्र तीच द्रव्ये चकत्यांवर जाऊन बसतात आणि पकड सुटते. पुढे १९९० नंतरच्या दशकात मोटारीच्या तेलातील फॉस्फरसवरही मर्यादा आली, कारण धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेस तो मारक. पण गिअरच्या दातांची झीज रोखणाऱ्या द्रव्यात फॉस्फरस हाच मुख्य. दोन वाहनांच्या गरजा अशा फाकत गेल्या.

अखेर १९९८ साली जपानच्या मोटार-मानक संघटनेने, म्हणजे जासोने, चार-स्ट्रोक मोटारसायकलींच्या तेलासाठी टी-९०३ हे स्वतंत्र मानक काढले. त्यातील कसोटी मोठी मार्मिक आहे. खऱ्या चकत्या तेलात फिरवून तीन गोष्टी मोजतात : घसरत असतानाचे घर्षण, पकड बसल्यावरचे घर्षण, आणि घसरण थांबावयास लागणारा वेळ. कसास उतरलेले तेल ‘एम.ए.’, निसरडे ठरलेले ‘एम.बी.’. २००६ साली एम.ए.चेही दोन पोटभेद झाले, त्यांत एम.ए.-२ ची पकड अधिक. त्याखेरीज दातांखाली तेल किती पातळ होते, हेही हे मानक पाहते.

आपल्याकडे हा प्रश्न उशिरा आला. राजदूत, येझदी यांसारख्या दोन-स्ट्रोक गाड्यांत एंजिनाचे तेल पेट्रोलातच मिसळून जळून जाई. क्लचचा त्याच्याशी संबंधच नसे. १९८५ साली हिरो होंडाची सी.डी. १०० आली, २००१ साली पुण्याच्या बजाज ऑटोने पल्सर आणली, आणि एकतेली चार-स्ट्रोक गाडी घरोघरी पोहोचली. सवयी मात्र मागच्याच राहिल्या. ‘तेल ते तेल’ हे वाक्य अजून ऐकू येते.

तेल निवडताना प्रथम गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका पाहावी. तीत सांगितलेला दाटपणा, उदाहरणार्थ १०-डब्ल्यू-३० किंवा २०-डब्ल्यू-५०, तोच घ्यावा. नंतर डब्याच्या मागील अंगास जासोची लहानशी चौकट शोधावी व तीत एम.ए. किंवा एम.ए.-२ आहे ना, ते पाहावे. मोटारीच्या डब्यावर जे गोल चिन्ह असते त्यात इंधनबचतीची ग्वाही असेल, तर तो डबा ओल्या क्लचच्या गाडीस वर्ज्य. पट्ट्यावर चालणाऱ्या आपोआप गिअरच्या स्कूटरची गोष्ट वेगळी. तिचा क्लच कोरडा असतो आणि तिला एम.बी.च मानवते. म्हणून ज्या घरी दोन्ही वाहने असतील तेथे डबेही दोन ठेवावे लागतात. चुकीचे तेल पडलेच, तर ते लवकर काढून योग्य तेल भरल्यास पकड कधीकधी परत येते. चकत्या भाजून चकचकीत झाल्या असतील, तर मात्र त्या बदलण्यावाचून गत्यंतर नाही.