पाठ्यपुस्तकांची यादी आणि ग्रंथविक्रेत्यांची स्पर्धा : न्यूयॉर्कमधील एक खटला व त्यानंतरचा इतिहास

व्यापारातील स्पर्धेचा विचार बहुधा किमतीपासून सुरू होतो. विद्यापीठीय पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत मात्र हा आरंभ पुरेसा ठरत नाही. ह्या व्यापारात पुस्तक निवडतो प्राध्यापक आणि त्याचे मोल देतो विद्यार्थी. औषध लिहून देणारा एक व विकत घेणारा दुसरा, असाच काहीसा हा प्रकार आहे. त्यामुळे पुस्तक किती स्वस्त द्यावे हा विक्रेत्यापुढील दुसरा प्रश्न होय. पुढील सत्रात कोणते पुस्तक नेमले जाणार आहे हे आपणांस केव्हा कळेल, हा पहिला. अमेरिकेतील सार्वजनिक विद्यापीठांच्या अलीकडच्या इतिहासात ग्रंथविक्रेत्यांच्या न्याय्य स्पर्धेचा वाद पाठ्यपुस्तकांच्या यादीभोवती फिरला, त्याचे कारण हेच आहे.

ह्या यादीला व्यापारी मोल कसे येते हे समजण्यासाठी जुन्या पुस्तकांचा व्यवहार ध्यानात घेतला पाहिजे. एकदा विकलेल्या प्रतीच्या पुढील विक्रीवर प्रकाशकास हक्क सांगता येत नाही, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली बॉब्स-मेरिल कंपनीच्या खटल्यात मान्य केले. वापरलेल्या पाठ्यपुस्तकांचा मोठा बाजार ह्याच तत्त्वावर उभा राहिला. सत्राच्या अखेरीस विद्यार्थी आपली पुस्तके दुकानात परत विकतो. तेच पुस्तक पुढील सत्रातही नेमलेले आहे असे दुकानदारास ठाऊक असेल, तर तो मूळ किमतीच्या निम्म्याच्या आसपास रक्कम देऊ शकतो; ठाऊक नसेल, तर त्याला नाममात्र किंमत देऊनच धोका पत्करावा लागतो. म्हणजे यादी ज्याच्या हाती आधी पडेल त्याच्याकडे जुनी पुस्तके आधी जमतात, आणि पुढील सत्राच्या आरंभी स्वस्त प्रती त्याच्याच फळीवर असतात. ज्याला यादी मिळत नाही, त्याने एकेका प्राध्यापकाचे दार ठोठावावे किंवा अंदाजाने माल भरावा.

ही यादी विद्यापीठाच्या आवारातील दुकानाकडे सहजच येते. पूर्वी अशी अनेक दुकाने विद्यापीठे स्वतः किंवा सहकारी संस्था चालवीत असत. हार्वर्ड येथील विद्यार्थ्यांचे सहकारी भांडार १८८२ साली स्थापन झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बार्न्स अँड नोबल, फॉलेट ह्यांसारख्या मोठ्या व्यवसायसंस्थांशी करार करून दुकाने त्यांच्याकडे सोपविण्याची पद्धत रूढ होत गेली. करारान्वये विद्यापीठास किंवा त्याच्या साहाय्यक मंडळास उत्पन्नाचा हिस्सा मिळतो. जे सार्वजनिक विद्यापीठ ग्रंथविक्रेत्यांमध्ये निःपक्षपाती असावे अशी अपेक्षा असते, ते अशा रीतीने त्यांपैकी एकाच्या नफ्यात भागीदार होते.

न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाचे लाँग आयलंडवरील फार्मिंगडेल महाविद्यालय हे ह्याचे उदाहरण होय. तेथील दुकान साहाय्यक सेवा मंडळाशी झालेल्या कराराने बार्न्स अँड नोबल चालवीत असे. आवाराबाहेरील ‘एनकोर कॉलेज बुकस्टोअर्स’ ह्या प्रतिस्पर्धी विक्रेत्याने राज्याच्या माहिती-स्वातंत्र्य कायद्याचा आधार घेऊन पाठ्यपुस्तकांच्या यादीची मागणी केली. ती नाकारली गेली, आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, म्हणजे ‘कोर्ट ऑफ अपील्स’पर्यंत गेले.

१९९५ साली दिलेल्या निर्णयात न्यायालयाने दोन प्रश्न वेगळे केले. यादी सार्वजनिक दस्तऐवज आहे काय, हा पहिला. यादी विद्यापीठाच्या स्वतःच्या कपाटात नसून साहाय्यक मंडळाकडे असली, तरी ते मंडळ ती विद्यापीठासाठी बाळगते. सबब ती कायद्याच्या अर्थाने सार्वजनिक दस्तऐवज होय, असे न्यायालयाने ठरविले. ती उघड करावी काय, हा दुसरा प्रश्न. येथे निकाल उलट गेला. ज्या माहितीच्या प्रकटीकरणाने एखाद्या व्यवसायाच्या स्पर्धात्मक स्थितीस भरीव हानी पोहोचेल, ती माहिती रोखून धरण्याची मुभा कायद्यात होती. यादी मिळाल्यास प्रतिस्पर्ध्यास दुसऱ्याच्या श्रमाचे फळ जवळजवळ विनामूल्य लाभेल, म्हणून ती ह्या अपवादात बसते, असा निर्णय झाला. दस्तऐवज सार्वजनिक ठरला, परंतु जनतेस तो पाहता येईना.

ह्या निर्णयामागील युक्तिवाद निराधार नव्हता. प्राध्यापकांकडून माहिती गोळा करणे, ती तपासणे व वेळेवर मागणी नोंदविणे ह्यांस खर्च येतो. शिवाय आवारातील दुकानाला दहा-बारा विद्यार्थ्यांच्या वर्गाचेही पुस्तक ठेवावे लागते, तर बाहेरचा विक्रेता शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गांचीच पुस्तके उचलून उरलेला तोटा दुसऱ्यावर टाकू शकतो. तथापि ह्या युक्तिवादात एक गोष्ट सुटते. यादीतील मूळ माहिती विक्रेत्याने निर्माण केलेली नसते. अमुक विषयास अमुक पुस्तक नेमावे हा निर्णय सार्वजनिक वेतन घेणारा अध्यापक आपल्या अध्यापनाच्या अधिकारात करतो. संकलनाचे श्रम विक्रेत्याचे असले, तरी संकलित झालेली वस्तू सार्वजनिक अधिकाराचे फलित असते. त्या श्रमांचा मोबदला करारात ठरवता येतो. त्यासाठी निर्णयच गुप्त ठेवण्याचे कारण नाही.

ह्याच सुमारास पुस्तकांच्या किमती सतत चढत होत्या. अमेरिकन काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार डिसेंबर १९८६ ते डिसेंबर २००४ ह्या काळात महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांच्या किमती १८६ टक्क्यांनी वाढल्या. सर्वसाधारण किंमतवाढ ७२ टक्के होती. आंतरजालावरील विक्रेत्यांमुळे तुलना करून खरेदी करणे शक्य झाले होते. परंतु कोणते पुस्तक घ्यावयाचे हे वर्ग सुरू होईपर्यंत कळले नाही, तर तुलनेला सवडच उरत नसे. यादीचा प्रश्न आता दोन दुकानदारांतील तंटा राहिला नाही. तो विद्यार्थ्याचा प्रश्न झाला.

१४ ऑगस्ट २००८ रोजी संमत झालेल्या उच्च शिक्षण संधी कायद्याने ह्या प्रश्नास हात घातला. त्यातील पाठ्यपुस्तकविषयक तरतुदी १ जुलै २०१० पासून अमलात आल्या. केंद्रीय साहाय्य घेणाऱ्या संस्थांनी नोंदणीच्या वेळी आंतरजालावरील वेळापत्रकात नेमलेल्या पुस्तकांचे आयएसबीएन क्रमांक व किमती शक्य तितक्या द्याव्यात, आणि प्रकाशकांनी अध्यापकांना किमती व आवृत्त्यांमधील महत्त्वाचे बदल कळवावेत, असे ठरले. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९९५ साली जी माहिती व्यापारी हितासाठी झाकण्यास संमती दिली होती, तीच अशा प्रकारे देशभर खुली करण्याचे धोरण स्वीकारले गेले.

तरीही समता पूर्ण झाली नाही. वर्गात किती विद्यार्थी आहेत व जास्तीत जास्त किती घेतले जातील, हे आकडे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या दुकानासच देण्याचे बंधन कायद्याने घातले. पुस्तकाचे नाव सर्वांस कळावे, पण प्रती किती लागतील हे एकासच कळावे, असा हा अर्धा प्रकाश होता. शिवाय ह्या तरतुदींविषयी शिक्षण खात्याने नियम करू नयेत असे कायद्यातच नमूद असल्यामुळे अंमलबजावणी संस्थांच्या सद्भावनेवर राहिली.

पुढे वस्तूचेच स्वरूप पालटू लागले. मार्च २०१३ मध्ये कर्टसँग विरुद्ध जॉन वायली ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९०८ चे तत्त्व परदेशात छापलेल्या प्रतींनाही लागू केले, आणि आशियात स्वस्त विकल्या जाणाऱ्या आवृत्त्या अमेरिकेत आणून विकणे वैध ठरले. परंतु ह्याच काळात छापील प्रतीची जागा मुदतबंद डिजिटल परवाना घेऊ लागला होता, आणि परवाना पुन्हा विकता येत नाही. २०१६ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमाने पाठ्यसामग्रीचे मूल्य शुल्कातच समाविष्ट करण्याची मुभा संस्थांना दिली. त्यासाठी किंमत स्पर्धात्मक बाजारभावाहून कमी असावी आणि विद्यार्थ्यास बाहेर पडण्याची वाट असावी, अशा अटी होत्या. ह्या पद्धतीविरुद्ध विद्यार्थी व स्वतंत्र विक्रेते ह्यांनी २०२० साली मोठे प्रकाशक व दुकानचालक कंपन्यांवर दावे लावले. संगनमताचा आरोप पुरेशा आधाराने मांडलेला नाही, असे ठरवून न्यूयॉर्कमधील केंद्रीय न्यायालयाने २०२१ साली ते फेटाळले.

यादी झाकलेली होती तेव्हा बाहेरचा विक्रेता माहितीअभावी मागे पडत असे. शुल्कपद्धतीत यादी उघडी असूनही तो मागे पडतो, कारण खरेदी नोंदणीबरोबरच होऊन गेलेली असते. साधने बदलली, सार्वजनिक संस्थेच्या निर्णयातून उत्पन्न होणारी विक्री एकाच विक्रेत्याकडे वळते ही मूळ स्थिती मात्र कायम राहिली. म्हणून सार्वजनिक विद्यापीठाच्या निःपक्षपातीपणाची कसोटी दोन गोष्टींवर लावावी लागते : निर्णय सर्वांस एकाच वेळी कळतो काय, आणि कळल्यानंतर विद्यार्थ्यास दुसऱ्या दुकानात जाण्यास अवधी उरतो काय. पहिली गोष्ट कायद्याने बऱ्याच अंशी साधली. दुसरीचे उत्तर प्रत्येक विद्यापीठाच्या करारात शोधावे लागते.